उजव्या पायाची रेघ

बुधवार, ४ फेब्रुवारी

चि. टकळीस,

मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल आणि जेवणखाण वेळेवर होत असेल, असे मी धरून चालते. कारण विचारले तरी तू खरे सांगणार नाहीस, हे मला अलीकडे पुरते कळून चुकले आहे.

इकडे क्षेम आहे. गुडघे कुरकुर करतात, पण वाचनालयाचा जिना अजून चढू देतात. वरच्या खोलीत आमचा वर्ग पुन्हा सुरू झाला. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांचे विवेचन चालू आहे. परवा एका बाईंनी विचारले, "गाढ झोपेत माणूस असतो तरी कुठे?" या प्रश्नाचे उत्तर मी आजवर इतक्यांदा दिले आहे, की ते मला झोपेतही देता यावे. तरी त्या दिवशी मी ते दिले नाही. पोथी मिटून मी म्हटले, "याचा विचार पुढच्या बैठकीत करू." बायका उठल्या. त्यांना वाटले, मला तुझ्या मामांची आठवण झाली. झाली होतीच, पण शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या उशाशी बसलेल्या तुझीही झाली होती.

स्वयंपाकघरातला नळ तुझ्या दादाने दुरुस्त केला. आता तो गळत नाही. फक्त उघडतही नाही.

तुझे चार ओळींचे पत्र मिळाले. महिनाअखेरीपासून शस्त्रक्रियागृहात बसणार नाही, बाहेरच्या तपासणीच्या खोलीत काम मागून घेतले आहे, असे तू लिहितेस. कारण लिहीत नाहीस. एक वाक्य संपण्याआधी दुसरे सुरू करणारी तू. म्हणून तर मामांनी तुला टकळी म्हटले. तुझी आई गेल्यावर या घरात आलीस, तेव्हाही पहिले काही दिवस सोडले तर तुझे तोंड कधी मिटले नाही. त्या मुलीने चारच ओळी लिहाव्यात आणि चारही कोरड्या, याचा अर्थ न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

म्हणून हे पत्र. पण मुद्द्याला हात घालण्याआधी मला थोडे मागे जाऊ दे. आमच्या वयाची माणसे उगमापासून सांगतात. तेवढी मुभा असावी.

मामांच्या मज्जारज्जूत गाठ निघाली आणि ती काढायचे ठरले, तेव्हा तुझ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना नसांवर लक्ष ठेवण्याचे काम जाणणारी तू एकटीच होतीस. "आपल्या माणसाच्या वेळी मी बसू नये, मामा. माझे हात थरथरतील," असे तू म्हणालीस. त्यावर ते म्हणाले, "हात सर्जनचे थरथरू नयेत. तुला फक्त बघायचंय आणि बोलायचंय. आणि बोलण्यात तुझा हात कोण धरणार?"

मग जेवणाच्या टेबलाशी बसून तू आम्हांला सारे समजावून दिलेस. भूल दिलेल्या माणसाला विचारता येत नाही, की बाबा रे, पाय हलतो का, स्पर्श कळतो का. म्हणून घोट्याजवळच्या नसेला विजेची बारीक टिचकी द्यायची आणि ती मेंदूपर्यंत पोचली की नाही, हे डोक्याला लावलेल्या तारांतून पाहायचे. उलट, डोक्याला टिचकी द्यायची आणि पायाचा स्नायू उत्तर देतो का, ते पाहायचे. वाट शाबूत असेल तर पडद्यावर रेघ उसळते. उसळी बसली, म्हणजे वाटेत काहीतरी दुखावले जाते आहे. "आणि दुसऱ्या कुणाच्या रेघेशी तुलना नाही करायची हं, मामी. चीर घालण्याआधी त्या माणसाचीच रेघ घेऊन ठेवायची. पुढे सगळं तिच्याशीच ताडून बघायचं."

मामांचा चेहरा उजळला. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या यार्डात काढला होता. थांबलेल्या गाडीच्या चाकाचाकाला लांब दांड्याच्या हातोडीने टोला द्यायचा आणि कान द्यायचा. शाबूत चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बसक्या आवाजात. "म्हणजे आपला धंदा एकच की," ते म्हणाले. "फक्त माझी चाकं कधी नात्यातली नव्हती."

मी म्हटले, "गाढ झोपेतही एक साक्षी जागा असतो, असं शास्त्र सांगतंच."

"असेल गं जागा. पण पाय गेला की राहिला, हे सांगायला तो सर्जनकडे येणार नाही. टकळी येईल." आणि तुझ्याकडे पाहून डोळे मिचकावत, "झोपेत कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच ना? तुझी मामी रोज वाचून दाखवते तेव्हा मी दुसरं काय करतो?"

किती हसलो आपण तिघे! त्या हसण्याची मला आता भीती वाटते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जननी बोलावले. तूही होतीस. बोलणे सुरू होते न होते, तोच मामांना चष्मा आठवला. खालच्या बाकावर राहिला, म्हणाले. मी दोन जिने उतरले, बाकाखाली वाकून पाहिले, पहारेकऱ्याला विचारले. परत आले, तर चष्मा त्यांच्याच खिशात आणि तुम्ही तिघेही गप्प. मी त्या भल्या डॉक्टरांसमोर त्यांची खरडपट्टी काढली. ते एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढचे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण या घरात ते पुष्कळदा चुकीचे सांगितले गेले. गाठ बरीचशी निघाली होती. मग उजव्या पायाची रेघ बसली. तू तत्काळ सांगितलेस. सर्जननी हात बाजूला घेतले. तारा निसटल्या नाहीत ना, हे तू पाहिलेस. भूलतज्ज्ञांनी रक्तदाब चढवला. जखमेत कोमट पाणी सोडले. आणि सगळे थांबून राहिले. रेघ परतली. पुन्हा हात लागला, पुन्हा गेली, या वेळी दोन्ही पायांची. आणि परतायला फार वेळ लागला. तेव्हा उरलेला तुकडा तसाच ठेवून सर्जननी पाठ शिवली.

मामांनी शुद्धीवर येताच आधी पायाची बोटे हलवून पाहिली. वर्षभर ते चालले. सकाळी माझा हात धरून वाचनालयापर्यंत येत, माझा वर्ग सुटेपर्यंत जिन्याखाली वर्तमानपत्र वाचत बसत, आणि मला घेऊन परत. वाटेत विचारत, "आज कुठवर आला तुमचा आत्मा?"

मग तो तुकडा वाढला आणि वर वर सरकू लागला. आता काही करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले त्या संध्याकाळी तू घरी आलीस. तुझा दादा बाहेरच्या खोलीत तुझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "दोन रेघा खाली आल्या म्हणून ओरडलीस! गप्प बसली असतीस तर सगळी निघाली असती. पाय गेले असते तर गेले असते, बाबा राहिले असते!" तू चपला घातल्यास. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा पेला घेऊन. मूग गिळून उभी राहिले, कारण मलाही वाटत होते की तो खरे बोलतो आहे.

त्यानंतर तू या घराचा उंबरठा ओलांडला नाहीस. मामा गेले तेव्हा आलीस, पण फाटकापाशी उभी राहून परत गेलीस.

आता जे लिहायचे ते लिहावे, तर डोळे दुखू लागले आहेत. उरलेले उद्या लिहीन.

गुरुवार, सकाळ

काल डोळे दुखत नव्हते.

शेवटच्या महिन्यात मामांचे पाय गेले. ज्यांच्यासाठी सारे थांबले होते, ते पायही गेलेच. माणूस ठेवू, असे तुझा दादा म्हणाला. मी ऐकले नाही. घरी येणाऱ्या नर्सने मला एक युक्ती शिकवली. दुमडलेली चादर त्यांच्या अंगाखाली सरकवायची, पलीकडची टोके मुठीत धरायची, आपले गुडघे पलंगाला टेकवायचे आणि ओढायचे नाही, नुसते मागे कलायचे. माणूस आपसूक कुशीवर वळतो. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही धापा टाकत होतो. पुढे हात बसला.

एका दुपारी मी त्यांना असे वळवले, पाठ पुसली, पाठीशी उशी लावली. ते भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुला हे जमतं, हे तेव्हा कळलं असतं तर मी डॉक्टरांना वेगळं सांगितलं असतं."

"कधी? काय सांगितलं असतं?"

"तू चष्मा शोधत होतीस तेव्हा."

मग तुकड्यातुकड्याने सारे बाहेर आले. पाय की गाठ, अशी वेळ आली तर काय करू, असे सर्जननी विचारले होते. आणि हे म्हणाले होते, "मला उचलणारी एकच आहे आणि तिचे गुडघे मला ठाऊक आहेत. पाय जायला लागले की थांबा. वर्षं कमी मिळाली तरी चालेल." आणि मग तुझ्याकडून वचन घेतले, की मामीला हे कळता कामा नये; कळले तर ती सही करू देणार नाही.

"टकळी पहिल्यांदाच गप्प बसली," ते म्हणाले. "आणि बस म्हटल्यावर बसूनच राहिली बघ."

मी विचारले, "दादा तिला बोलला तेव्हा तुम्ही जागे होतात?"

"होतो."

"मग?"

"तू दारात होतीस. बोललो असतो तर तुला कळलं असतं."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. मी पापण्या पाहत होते.

मुली, हे मी तुला त्याच संध्याकाळी कळवायला हवे होते. नाही कळवले. मामा गेले, दिवस गेले, तरी नाही. का, ते सांगते. तुझ्याशिवाय हे मी कुणालाही सांगू शकत नाही. मला राग आला होता. तुझा नव्हे. त्यांचा, आणि ज्या माणसाची पाठ मी रोज पुसत होते, त्याच्यावर रागावून मी त्याला वळवीत होते. मी लोकांना सांगत आले, की देहाची आसक्ती सोडा, देह हे काही आपले रूप नव्हे. आणि मला त्यांचा देह हवा होता. न हलणारा चालला असता. जड असला तरी चालला असता. मला ते अंथरुणावरचेही हवे होते, आणखी पाच वर्षे, दहा वर्षे, मिळतील तितकी. त्यांनी माझे गुडघे पाहिले आणि ठरवून टाकले. त्यांच्या मनात प्रेमच होते, हे मला कळते. पण मला विचारले नाही, हे त्या प्रेमाने भरून निघत नाही.

यात तुझ्याकडे बोट नाही. तो त्यांचा देह आणि त्यांचा अधिकार. तू शब्द पाळलास. मौन हे मोठे तप आहे, असे मी वर्गात सांगते. ते कसे असते, हे मी तुला फाटकापाशी उभी पाहिले तेव्हा मला ओळखता आले नाही. शास्त्रातला साक्षी सगळे पाहतो आणि त्याला काही लागत नाही. तुला लागले. तरी तू पाहिलेस आणि वेळेवर सांगितलेस. त्या बाईंना मी पुढच्या बैठकीत नेहमीचेच उत्तर देईन. पण ते देताना माझ्या डोळ्यांसमोर तोंडाला कापड बांधून, डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे पाहणारी एक मुलगी असेल, एवढाच फरक.

तुझ्या दादाला मी परवा सर्व सांगितले. तो म्हणाला, "मग तिने तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हटले, "तू तिला विचारलंस कुठे? तू नुसता बोलत होतास." तो पाना घेऊन स्वयंपाकघरात गेला. तो नळ त्या दिवशीचा. त्याच्या हातांना काहीतरी हवे होते. तो तुला फोन करील, असे मी म्हणत नाही. बापाचा स्वभाव त्याच्यात पुरता उतरला आहे. पण नळ उघडत नाही म्हटल्यावर "टकळी येईल तेव्हा तिच्यासमोर हसू नकोस" एवढे म्हणाला. येईल तेव्हा, असे म्हणाला.

आता माझे मागणे. तपासणीच्या खोलीत जाऊ नकोस. तुझ्या जागी जो बसेल, तो रेघ बसली तर बोलेलही. पण तू बोलशील, हे मला माहीत आहे. तुझ्या बोलण्यामुळे मामा वर्षभर जिन्याखाली बसले. ते वर्ष मी तुझ्याकडून घेतले आणि त्याचे नाव कधी घेतले नाही.

आणि एक कर. टेबलावर घेण्याआधी तू प्रत्येकाशी दोन शब्द बोलतेस, हे मला ठाऊक आहे. त्यात एक प्रश्न वाढव. "घरी विचारलंत का?" एवढाच. कुणी चष्मा शोधायला खाली गेले असेल, तर ते परत येईपर्यंत थांब.

चादर धुऊन घडी करून ठेवली आहे. ती कपाटात नेण्याचे धैर्य अजून झालेले नाही. तू आलीस की दोघी मिळून नेऊ.

जिला कुणी विचारले नाही, तरी जिचे उत्तर तयार होते, ती

तुझी मामी