मागचं कोरं पान

रविवार, ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा जिना चढताना गप्प असतो आणि उतरताना कुरकुरतो, पण त्याचं आणि माझं आता जमलं आहे. खालच्या शिंप्याने दुसरं मशीन घेतलं. दिवसभर खडखड चालते, त्यामुळे घरात कोणी नाही असं वाटत नाही. तुझ्या खोलीतली खिडकी मी दुरुस्त करून घेतली. आता ती लागते.

तू फोन उचलत नाहीस, याची तक्रार नाही. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं. म्हणून लिहितो आहे.

तुझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार, हे मला बुधवारी छापखान्यात कळलं. शास्त्रविषयाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती संपायला आमच्याकडे दहा-दहा वर्षं लागतात. साठवणीतल्या धान्याच्या किडीवरचं पुस्तक दोन वर्षांत संपतं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. बाइंडर म्हणाला, "सूचीवाले, पोरीने किडे विकून दाखवले की हो." मी हसलो. अभिमान वाटला, तो दाखवायला कोणी समोर नव्हतं.

संपादकबाईंनी मला आत बोलावून तुझं पत्र वाचायला दिलं. तू लिहिलं आहेस की शेवटची शब्दसूची आहे तशीच राहू द्यावी, सुरुवातीचं गळलेलं ऋणनिर्देशाचं पान परत घालावं, आणि या आवृत्तीचं कुठलंही काम माझ्याकडे देऊ नये. बाईंनी विचारलं, "वडिलांकडे देऊ नये, असं का हो लिहिलंय तिने?"

ते त्यांना काय सांगितलं, ते पुढे लिहितो. आधी तुला सांगायचं आहे.

तुला आठवत असेल, तू लहान होतीस तेव्हा मला महिनाभर विषमज्वर झाला होता. करकायद्यावरच्या एका जाडजूड पुस्तकाची सूची अर्धी पडली होती. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत, खोकी पलंगाखाली. मी तापात बडबडत होतो की मुदत गेली, मुदत गेली. आईने एक खोकं ओढून विचारलं, "काय करायचं असतं यात?" मी सांगितलं. शब्द सापडला की चिठ्ठी, चिठ्ठीवर पानाचा आकडा, मग अक्षरानुक्रम. ती म्हणाली, "म्हणजे माणूस हरवला तर कुठे शोधायचा ते लिहून ठेवायचं. एवढंच ना?"

एवढंच होतं. पण ते मला तिच्याइतकं कधी आलं नाही. मी गावच्या शाळेत दहावी झालो, ती सातवी. मी पानात जो शब्द दिसेल तो उचलायचो. ती विचारायची की हे पुस्तक उघडणारा कोण, आणि तो कुठल्या शब्दाने शोधायला येईल. एकदा मजुरांवरच्या अहवालाचं काम चालू होतं. चहा गाळता गाळता मला म्हणाली, "अहो, बाईखाली मजुरी घालू की मजुरीखाली बाई?" मी म्हटलं, काय फरक पडतो? तर म्हणाली, "बाई शोधणारा वेगळा, मजुरी शोधणारा वेगळा. दोन्हीकडे घालते." पोटातल्या जंतांच्या पुस्तकाच्या वेळी तिला आठवडाभर जेवण गेलं नाही, तरी एक जंत सुटू दिला नाही.

त्या करकायद्याच्या पुस्तकापासून पुढची चाळीस पुस्तकं. कायदा, भूगर्भ, हाडांची शस्त्रक्रिया, पतपेढ्यांचं व्यवस्थापन, बालमानस. सगळ्यांच्या सूच्या तिने केल्या. मी शेवटी पृष्ठांक ताडून पाहायचो आणि खाली माझं नाव घालायचो. हे तू जाणतेसच. पलंगावर चिठ्ठ्या मांडलेल्या असायच्या, म्हणून तू कितीतरी वेळा जमिनीवर झोपली आहेस.

तिने नाव कधी मागितलं नाही. तिने मागितलं नाही, एवढ्यावरच मी वीस वर्षं निभावून नेली.

भिंगरे, छापखान्यात मी कोण होतो ते तुला माहीत नाही. तिथे येणारा जो तो पदव्यांची माळ घालून येतो. मी दहावी झालेला, खेड्यातून आलेला, मुद्रितं तपासणारा. पण सूचीवाला म्हटल्यावर मोठमोठे प्राध्यापक खुर्ची पुढे करायचे. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझा हात धरून म्हटलं होतं, "तुम्ही माझं पुस्तक माझ्यापेक्षा नीट वाचलंत." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

तुझ्या पुस्तकाची सूची तिने आजारपणात केली. उशीला टेकून, मांडीवर पाट घेऊन. तुझे सोंडकिडे पाहून म्हणाली, "यांना आपण टोके म्हणतो. गोदामातला माणूस टोकेच शोधेल. पोरीच्या पुस्तकात तो शब्दच नाही." मग तिने सूचीत घातलं, 'टोके : पाहा सोंडकिडे'. असे अकरा शब्द घातले. ते पुस्तक गोदामांतून एवढं का गेलं, ते मला ठाऊक आहे.

आता पानाचं.

शेवटची मुद्रितं माझ्या टेबलावर आली, तेव्हा सुरुवातीला तुझं ऋणनिर्देशाचं पान होतं. तीनच ओळी. 'ही सूची माझ्या आईने केली. याआधीच्या चाळीस पुस्तकांच्या सूच्याही तिनेच केल्या आहेत. त्यांवर तिचं नाव नाही, म्हणून ते इथे देते.' आणि खाली तिचं नाव.

मी तुला सांगितलं होतं की सोळा पानांच्या हिशेबात पुस्तक बसेना, एक पान जास्त होत होतं, घाईत पुढचं पान काढलं गेलं, मी ते वाचलंही नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, पुस्तकाच्या मागे एक पान कोरं आहे." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच होतं. सोळा पानांचा एक, असे सतरा फर्मे, दोनशे बाहत्तर पानं. तुझं पान धरून पुस्तक अगदी काठोकाठ बसत होतं. मी ते काढलं, म्हणून मागे कोरं राहिलं.

मी ते वाचलं होतं. दोनदा वाचलं. मग त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'वगळावे'. माझं अक्षर चांगलं आहे, गुरुजी पाटी वर्गात फिरवायचे. त्याच अक्षरात लिहिलं. नोकरीची भीती नव्हती, तसं सांगितलं तर तेही खोटं होईल. उद्या बाइंडर मला काय नावाने हाक मारेल, एवढीच भीती होती.

इथवर तुला बहुतेक अंदाज असणार. पुढचं नाही.

मी रोज देवासमोर बसतो, हे तू पाहिलेलं आहेस. मागण्यासारखं काही नसतं, नुसतं बसायचं. गेली दोन वर्षं बसलो की एकच गोष्ट समोर येते, मग मी उठून दुसरं काहीतरी करू लागतो. दिव्यात तेल घाल, फडका झटक. देवासमोर बसूनही माणूस टाळाटाळ करू शकतो, हे मला या वयात कळलं. पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतील.

तुला मी सांगितलं की बांधलेल्या प्रती आई गेल्यानंतर आल्या. तू तेव्हा दाराच्या चौकटीला धरून रडलीस. "निदान तिच्या हातात तरी पडायला हवं होतं," असं म्हणालीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून उभा होतो.

पुस्तक तिच्या हातात पडलं होतं, बाळ. ती जायच्या बारा दिवस आधी, गुरुवारी. बाइंडरने पहिली प्रत ओल्या सरसाच्या वासासकट मला दिली होती. मी ती घरी नेणार नव्हतो. पण तिने सकाळीच विचारलं होतं, "आज येणार ना पुस्तक?" तू फोनवर तिला सांगितलं होतंस की पुढची पानं नीट बघ.

तिला बसवत नव्हतं. मी पाठीशी उशा लावल्या. तिने चष्मा मागितला, पुसून मागितला. आधी नुसता मुखपृष्ठावरून हात फिरवला, तुझ्या नावावरून. मग उघडलं. शीर्षकाचं पान, त्यामागे छपाईचा तपशील, मग एकदम अनुक्रमणिका. ती मागे आली. दोन पानं चिकटली असतील म्हणून बोटाला थुंकी लावून पान चोळून पाहिलं. पुन्हा अनुक्रमणिका. परत मागे. मी पाणी आणायला गेलो. पाणी तिच्या उशाशी होतं, तरी गेलो.

परत आलो तेव्हा पुस्तक शेवटी उघडलेलं होतं. सूची संपून पुढचं कोरं पान. वीस वर्षं हेच काम केलेली बाई, तिला फर्म्यांचं गणित कोणी शिकवायला नको होतं. त्या कोऱ्या पानावर तिने तळवा ठेवला होता. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "फर्म्यात बसलं नसेल."

मी म्हटलं, "हो."

म्हणाली, "होतं असं." आणि थोड्या वेळाने, "तिला नका सांगू मी पाहिलं म्हणून. उगीच जिवाला लावून घेईल."

मी तुला जे कारण सांगितलं, ते माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. तिने मला दिलेलं होतं. त्या कोऱ्या पानावर हात ठेवून तिने मला वाचवलं, आणि मी ते घेतलं. तेच तुला दिलं. पुढच्या बारा दिवसांत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तुझं पुस्तक उशीखाली होतं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो, तर मध्येच म्हणाली, "तुमचं कसं होईल हो?" मला वाटलं, स्वयंपाकाचं विचारते आहे. म्हटलं, डबा लावीन.

ती प्रत मी तिच्याबरोबर चितेवर दिली. घरात ठेवायची छाती झाली नाही.

ती गेल्यानंतर मी तीन सूच्या केल्या. तिन्ही परत आल्या. बाईंना वाटलं, दुःखामुळे. गोदामाच्या एका अधीक्षकाचं पत्र आलं होतं, 'टोके हा शब्द सूचीत ठेवणाऱ्याला आमचा नमस्कार कळवा.' चहाच्या वेळी ते मोठ्याने वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्याही घेतल्या.

बुधवारी बाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की सूच्या माझ्या नव्हेत.

"म्हणजे या पुस्तकाची?"

"सगळ्यांच्या."

"चाळीसच्या चाळीस?"

"आमच्या भिंगरीची धरून एक्केचाळीस."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मग तुम्ही काय करत होतात?"

"पृष्ठांक ताडून पाहत होतो."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी आवरलं. म्हणाल्या, "आता कशाला सांगताय? तुमची निवृत्ती होईपर्यंत तरी..." मी म्हटलं, लेखी देतो. दिलं. जी जी पुस्तकं पुन्हा छापली जातील, त्यांत सूचीखालचं माझं नाव काढून तिचं घालतील. काही पुस्तकं पुन्हा कधीच छापली जाणार नाहीत. त्यांना इलाज नाही. बाइंडर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल म्हणाला, "चहा घेणार का?" नुसतं तेवढंच. पुढे सूचीवाले म्हणाला नाही.

आईने नका सांगू म्हटलं होतं. तिचा तेवढा एक शब्द मी आज मोडतो आहे. नीट विचार करून मोडतो आहे. तिने तुला दुःखापासून वाचवायला सांगितलं होतं. मी त्याच्या आडोशाला स्वतः बसलो. तू अजून समजतेस की तिला पुस्तक दिसलं नाही. तिला दिसलं. तुझी तीस चित्रं तिने एकेक पाहिली, सोंडकिड्याच्या पायांवर बोट ठेवून म्हणाली, "किती नीट काढलंय पोरीने." हे तुझं आहे, मी दोन वर्षं दाबून ठेवलं. आणि तिने पान शोधलं, सापडलं नाही, तेही तुझं आहे. एक दिलं आणि एक ठेवलं, असं करता येत नाही.

सोबत ते पान पाठवतो. मूळ मुद्रित, माझी काट आणि 'वगळावे' हा शब्द त्यावर आहे. बाईंनी मागितलं होतं, मी म्हटलं आधी लेखिकेला दाखवतो. नव्या आवृत्तीत तू ते तसंच घाल, बदलून घाल, किंवा मी काय केलं तेही त्यात लिही. माझी हरकत नाही, हे लिहितानासुद्धा लाज वाटते, कारण हरकत घ्यायचा हक्क मला तेव्हाही नव्हता.

क्षमा मागत नाही. जिच्याकडे मागायची होती, तिने मागायच्या आधीच देऊन टाकली, आणि तीच मला पेलवत नाही. तुझ्यावर तो भार नको.

जेवत जा वेळेवर. प्रयोगशाळेत धुरी देता तेव्हा तोंडाला फडकं बांध.

आजवर तुला गेलेल्या प्रत्येक पत्राखाली 'तुझे आईबाबा' असं असायचं. पत्रंही तीच सांगायची, मी नुसती लिहायचो. हे पहिलंच मी माझं लिहिलं आहे, म्हणून खाली एकट्याचं नाव घालतो.

तुझा
बाबा