ब्लाझेनामामीच्या नावावरचं एक पान

ब्रनो, मंगळवार

रादोवानमामा,

ओताकरचा ऑफिसच्या तळघरातून, घरच्या सपाता घालून केलेला नमस्कार. गुडघा कसा आहे? मधमाश्या बऱ्या आहेत ना? (त्यांना तरी उत्तरं देता का? मला दोन वर्षांत एक ओळ नाही.) आईला म्हणे मधाची बरणी पाठवलीत. असो, मी रागावलेलो नाही.

आता माझी कर्मकहाणी ऐका. मधाच्या नादात कर्नल विसरला असाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. कर्नल (फौजेतला नव्हे!) हा यंत्राचा, म्हणजे आपल्या संगणकाचा, आतला कारभारी प्रोग्राम. प्रोग्रामांनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून तो त्यांना वेगवेगळी बिऱ्हाडं करून देतो. बिऱ्हाड रिकामं झालं की नाव खोडायचं. पण मेमरीचं एखादं पान त्या नावावर राहिलं आणि शेजारचा कोणी ते अजून वाचत असला, की कारभाऱ्याचा हात अडतो. आपल्या जुन्या यंत्रात अशी अकरा हजार रिकामी बिऱ्हाडं साचली होती. यंत्र रांगायला लागलं. द्राहोमीराबाई (हो, आता त्याच आमच्या साहेब) म्हणाल्या, "तुझ्या मामाचा पसारा आहे, तूच उपस."

उपसला. कोणी वाचत नव्हतं ती पानं फेकली, भराभर नावं खोडली गेली. एक उरलं. त्याचं नाव 'ब्लाझेना'.

मामा, आठवतं? मामी कोलाचांचा, त्या गरम गोड पावांचा, डबा घेऊन यायची आणि तुम्ही मान वर करायचा नाहीत, म्हणून ती सरळ यंत्रावरच निरोप टाइप करायची. त्याने तुमच्या चाचण्या कोलमडायच्या. तेव्हा भांडण मिटवायला तुम्ही तिला यंत्रात वेगळं बिऱ्हाड करून दिलंत. (लग्नात अंगठी विसरलेल्या माणसाने! आई अजून सांगते.) ती गेल्यावर तुम्ही बिऱ्हाड बंद केलंत आणि गावी निघून गेलात. पण तिचा निरोप रोज बारा वाजता पडद्यावर आणणारा तुमचा छोटा प्रोग्राम शेजारच्या बिऱ्हाडात चालूच राहिला. ते पान त्याच्यासाठी अडलंय.

द्राहोमीराबाई म्हणाल्या, तो प्रोग्राम शुक्रवारपर्यंत बंद कर, नाहीतर मी करते. माझा हात चालेना. म्हणून रात्रंदिवस खपून दुरुस्ती लिहिली: रिकाम्या बिऱ्हाडाचं पान फेकायचं नाही, वरच्या थोरल्या बिऱ्हाडाच्या नावावर करायचं आणि मगच नाव खोडायचं. पान राहतं, कारभारही सुटतो. कर्नलवाल्यांच्या ईमेल यादीवर पाठवली आणि एकाच्या शंकेला घाईत त्याच्या मजकुराच्या वर उत्तर लिहिलं; तिथे उत्तर खालीच लिहायचा दंडक. अहो, काय तोंडसुख घेतलं लोकांनी! फिनलंडच्या एका म्हाताऱ्याने जगासमोर विचारलं, तुला हे काम शिकवलं कोणी? मी तुमचं नाव सांगितलं नाही. एवढी तरी लाज राखली.

तुमचा,
ओताकर

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. कर्नलच्या या भागाचे राखणदार म्हणून अजून तुमचंच नाव आहे. शुक्रवारच्या आत 'पाहिलं, ठीक आहे' एवढी ओळ पाठवा, म्हणजे दुरुस्ती घेतली जाईल.

ता. क. २. ओळ नाही पाठवलीत तरी चालेल. आज दुपारी द्राहोमीराबाई तळघरात आल्या होत्या. बाराला पडद्याकडे बघत बसल्या, चष्मा पुसला आणि स्वतःच सही करून गेल्या. दुरुस्ती घेतली गेली. तुमच्या नावाची जागा मी तरीही मोकळी ठेवली आहे.

ता. क. ३. निरोप अजून तोच आहे: "रादोवान, कोलाच गार होतायत, वर ये." दोन वर्षं ती रोज बोलावते आणि वर कोणी जात नाही. शुक्रवारी बाराच्या आत या. कोलाच आई करणार आहे.