दाबून भरलेलं मडकं

प्रिय प्रज्योत,

पत्राला 'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, उगाच हुरळून जाऊ नकोस. थळला थंडी बरी पडलीये, शेतात वालाच्या शेंगा भरल्यात, बाबांचा गुडघा अजून कुरकुरतो. मी मजेत आहे. गेल्या रविवारपासून तर जरा जास्तच.

रविवारी तुझ्या सासऱ्यांच्या रिसॉर्टवर पोपटीचं जेवण होतं, त्याला मी आले होते. मावसबहीण भाविकाच्या ऑफिसच्या मंडळींबरोबर, अगदी मागच्या टेबलावर. तू मला पाहिलंस आणि पाहिलंच नाही असं दाखवलंस. आमच्या शेतावर मुंबईच्या पाहुण्यांसाठी पोपटी लावायची ही कल्पना आपल्या दोघांची, आठवतं? तू जेट्टीवरून पाहुणे आणायचास, मी भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, अंडी, कोंबडी रचून मडकं भरायची. आपलं लग्न ठरल्यासारखंच होतं. मग रिसॉर्टवाल्या दयारामशेठच्या मुलीचं स्थळ सांगून आलं आणि तू माझ्या तोंडावर म्हणालास, "अमिषा, तुझ्या मडक्यात किती मानसं जेवनार हायत?" ते वाक्य मी आजवर गिळून बसले होते.

रविवारी मेहनतीत तू कसर ठेवली नाहीस, हे मात्र कबूल. रांजणाएवढं मडकं आणलंस. शेंगांवर कोंबडी, कोंबडीवर कोळंबी, वरून तूप, आणि एवढं मावेना म्हणून गुडघा देऊन दाबलंस. आम्ही मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि काटक्या जाळतो, तू टेम्पोभर लाकूड आणलंस. जरा जाळ उतरला की आणखी एक ओंडका. मला मागच्या टेबलावरून सगळं दिसत होतं. दाबून भरलेल्या मडक्यात वाफ फिरत नाही. कडेचं जळतं, मधलं कच्चं राहतं. मी एक शब्द टाकला असता तर तुझी पोपटी वाचली असती. नाही टाकला. कोकम सरबत पीत बसले. कडेची कोळंबी कोळसा झाली, मधल्या कोंबडीतून रक्त निघालं, पाहुणे उपाशी उठले आणि शेठ सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बाजूला व्हा." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

परवा भिकूकाकांकडून तुझा निरोप मिळाला, की शनिवारी मोठी मंडळी येणार आहेत, एकदा येऊन शिकव, नाहीतर सासरा मला दारात उभं करणार नाही. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या निरोपाच्या मागोमाग तुझे सासरेच आमच्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, जावयाच्या हातून ह्ये व्हनार न्हाय. शनिवारची पोपटी तुझ्याच शेतावर लाव, इथून पुढं समदं तूच बघ." मी हो म्हटलं. अट एकच घातली, हाताखालची माणसं मी निवडणार. "कोन पायजे तो घे," म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा शनिवारी उजाडताच शेतावर ये. बांधावरचा भांबुर्डा तोडायचा, पेंढा वाहायचा, मडकी धुवायची. भरायला मात्र हात लावायचा नाही. संध्याकाळी सगळे जेवले की मी तुला हाक मारीन. मग माझ्या मडक्यात किती माणसं जेवली, ते तू मोजून मला सांगायचंस.

तुझीच, शनिवारपासून मालकीण,
अमिषा