आधी बस विचारा

प्रिय विमल,

रविवार. दुपारचे तीन वाजलेत.

पत्र लिहायला काहीतरी कारण लागतं. सात महिने ते सापडलं नाही. तू गेलीस, तेरावं झालं, तुझी पेन्शन बंद करायचे कागद भरले, तुळशीला पाणी घालत राहिलो. ह्यातलं तुला काय कळवायचं? आज मात्र कारण आहे. मोडनिंबच्या पुढच्या एका वस्तीवरची निकिता नावाची मुलगी उद्या वडिलांना घेऊन कॉलेजात यायची आहे. दाखला काढायला. पहिलं वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही आणि ती कॉलेज सोडते आहे. त्यात थोडा हात माझा आहे.

तू असतीस तर काही बोलली नसतीस. नुसती जाऊन तिच्या शेजारी बसली असतीस.

पहिल्यापासून सांगतो. मधूनच सांगायला लागलो की तू म्हणायचीस, "अहो मास्तर, आधी कोण कुठला ते तरी सांगा!"

जुलैत प्राचार्यांचा फोन आला. "सर, बाई दर वर्षी नव्या मुलांसाठी यायच्या. रिटायर झाल्या तरी आल्या. यंदा तुम्ही याल का?" नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. मला काहीच वाटत नव्हतं, म्हणून हो म्हणालो.

तुझं काम मला काय ठाऊक होतं? तेहतीस वर्षं तू त्या ऑफिसात, प्रवेशाच्या खिडकीमागे, आणि मी हायस्कुलात मराठीचा मास्तर. तुझ्या खिडकीवर बिचकत उभी राहणारी खेड्यातली पोरं पुढे वर्षभर कॉलेजभर कशी हिंडायची, हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, वय असतं ते, आपोआप होतं.

स्वागताच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या मंडळांनी आपापली माहिती सांगितली. नाटकवाले, खेळवाले, श्रमदानवाले. वाङ्मय मंडळाच्या वतीनं बोलायला मला उभं केलं. दहा मिनिटं म्हणाले होते. मी पाऊण तास बोललो! पत्र्याचा वर्ग, पाचवी ब, साठ गळे आणि एक चाल. कविता सुरू झाली की पत्रा कसा थरथरायचा ते सांगत होतो. सांगत होतो एवढंच. आत काही थरथरत नव्हतं. ऐकून पाठ झालेलं भाषण आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो ना, तसं मी माझं ऐकत होतो.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. खांद्याला दप्तर, अंग चोरून दाराकडे निघाली. आणि माझ्या तोंडून जुनी सवय बोलली: "काय गं, कवितेपेक्षा घर प्यारं दिसतंय! जा बाई जा, आई ताट वाढून बसली असेल!"

हॉल हसला. मीही हसलो. शाळेत असं बोललो की पोरं निमूट खाली बसायची. ही बसली नाही. मान खाली घालून गेली.

मग बुधवारी साडेचारला मंडळाची पहिली बैठक ठेवली. चार मुलं आली. चौघंही शहरातली, सायकलच्या अंतरावरची. मी घरी येताना मनात म्हटलं, पोरांना आता गोडीच राहिली नाही. हे वाक्य मी किती वर्षं म्हणतोय गं? आणि दर वेळी तू भाकरी थापता थापता नुसती हसायचीस. का हसतेस ते एकदा तरी सांगायचं होतंस!

शुक्रवारी ते शबानानं सांगितलं. तुझ्या खुर्चीवर आता ती बसते. तूच तयार केलेली, त्यामुळे जीभही तुझ्यासारखीच.

"सर, ती मोडनिंबची निकिता दाखल्याचा अर्ज विचारून गेली. सोमवारी वडिलांना आणते म्हणाली."

"कोण निकिता?"

"तुमच्या भाषणातनं उठून गेली ती."

मी म्हटलं, तिला रस नसेल. शबानानं पेन खाली ठेवलं. "रस? सर, सव्वाचारची एसटी चुकली तर मोडनिंबला उतरून पुढं वस्तीवर जायला वडापची जीप मिळत नाही तिला. अंधारातनं चालत जाईल का पोरगी? मॅडम सगळ्यात आधी बस विचारायच्या. तुम्ही विचारली का?"

नाही विचारली. विमल, नाही विचारली.

घरी आलो आणि खुंटीवरची तुझी पिशवी काढली. कॉलेजानं पोहोचती केली तेव्हापासून तिथेच होती. येता-जाता दिसायची, जशी भिंत दिसते तशी. उघडली नव्हती. भीती वाटत होती असं लोकांना वाटतं. खरं सांगू? तीही वाटत नव्हती. आत खडूचा डबा, घडी केलेला रुमाल, चार सेफ्टी पिना आणि ती लांबट वही.

वहीत तुझं ते बारीक, तिरपं अक्षर. तीन रकाने. गाव, बस, काम.

वेळापूरचा सुनील. साडेतीनची. फळा पुसतो. बार्शीकडच्या दोघी. पाचची. रांगोळी, पण मधल्या सुट्टीतच. अक्कलकोटची लक्ष्मी. घरी कन्नड, मराठी बोलायला लाजते. चारची. हिला माईकची वायर धरायला देणे, बोलेल आपोआप. आणि पहिल्याच पानावर, चौकट करून: 'काय येतं असं विचारू नये. ज्याच्यावाचून अडेल असं काहीतरी हातात द्यावं.'

मी मात्र जन्मभर पोरांना हेच विचारत आलो, कविता येते का?

शेवटच्या पानावर माझं नाव सापडलं. 'मास्तर. बस: नाही. काम: बघू.' काय बघणार होतीस गं? आणि कधी?

तुझा फळा आठवला. पोर्चमधला. इतर ठिकाणी असल्या फळ्यावर सुविचार असतो. तू तिथे नव्या मुलांकडून त्यांच्या गावची एकेक ओळ लिहून घ्यायचीस, खाली नाव. 'आमच्याकडे काल पाऊस झाला, पण नदीपलीकडेच.' 'आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली.' पोरं गर्दी करून वाचायची, नावं विचारायची, चिडवायची. मी तुला न्यायला स्कूटरवरून आलो की म्हणायचो, "ह्याला काय साहित्य म्हणायचं?" तू म्हणायचीस, "ओळ आहे की नाही मास्तर?" आणि मागे बसायचीस. एकदाही मी गाडी लावून जवळ जाऊन ते वाचलं नाही.

यंदा त्या फळ्यावर स्वागताचा मोठा फ्लेक्स लावलाय. इतके दिवस तिथून ये-जा केली, मागे फळा आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

काल, शनिवारी, मी स्टँडवर गेलो. पावणेचारला मोडनिंबच्या फलाटावर ती होतीच. कडेच्या बाकावर, मांडीवर दप्तर. मी शेजारी बसलो. तिनं ओळखलं आणि उभी राहिली.

"बस गं. माफी मागायला आलोय."

"कशाची, सर?"

"घर प्यारं आहे म्हणालो त्याची."

"त्यात काय चुकलं तुमचं? प्यारंच हाय की." मग म्हणाली, "सगळी हसली त्याचं वंगाळ वाटलं. हितं माजं नाव कुणालाच ठावं न्हाय, सर. हजेरीला नंबर बोलत्यात. त्या दिवशी पयल्यांदा समद्यांनी माज्याकडं बगितलं, ते बी असं."

शाळेत छत्तीस वर्षं काढली, एवढं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी वही काढली आणि विचारलं, "बस किती वाजता?"

"सव्वाचार. समोर लिवलंय की!"

"आणि सकाळची?"

"साडेनवाला उतरते. तास साडेधाला. तवर हिंडती हितंच."

"मग उद्याच्याला तुझ्या वस्तीवर काय होतंय ते बघून ठेव. सोमवारी येशीलच, दाखल्याला का होईना. एक ओळ फळ्यावर लिहायची आहे. दुसरं कुणी नाही लिहायला."

"आमच्या वस्तीवर काय हुतंय, सर? काय बी न्हाय हुत."

"मग तेच लिही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय काय! तेवढ्यात एसटी लागली आणि ती धावली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

तर असं आहे. पत्र इथेच उघडं ठेवतो. उद्या काय होतं ते लिहीन.

सोमवार. संध्याकाळ.

सकाळी नऊलाच गेलो. शबाना आणि मी मिळून फ्लेक्स सोडवला. स्टुलावर मी चढलो होतो, तिनं "उतरा सर, मॅडम मला रागावतील" म्हणून उतरवलं. फळा तसाच होता, कोपऱ्यात मागच्या वर्षीची अर्धी पुसलेली ओळ. कुणाची ते वाचता आलं नाही.

पावणेदहाला बापलेक आले. वडील उंच, पांढरी टोपी, खिशात घडी केलेला अर्ज. मी निकिताच्या हातात खडू दिला. तुझ्या डब्यातला. तिनं वडिलांकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि भराभर लिहिलं:

'आमच्या वस्तीवर काल काहीच झालं नाही. – निकिता, मोडनिंब.'

वडिलांनी सावकाश वाचलं. "हे लिवाय शिकतीस व्हय गं हितं?"

"न्हाय आप्पा. सरांनी सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कविता म्हणून दाखवावी असं क्षणभरही वाटलं नाही, हे तुला खास कळवतो!

दहाच्या पुढे पोरं यायला लागली. पहिली दोघं वाचून हसली. निकितानं मान खाली घातली. माझ्या मनात आलं, संपलं. पण त्यातल्या एकानं खडू उचलला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे पण.' मग दुसऱ्यानं. मग बार्शीकडची एक ठसठशीत मुलगी गर्दीतून घुसली. "निकिता कोन हाय गं? तू? आगं, आमच्यात तर दोन वर्सं झाली काय झालं न्हाय! कुटल्या बसनं येतीस?"

"सकाळच्या. साडेनवाला उतरते."

"मी बी नऊलाच येते की! मग एकटी काय करत बसतीस स्टँडवर? हिकडं यायचं. चल, डबा ठिवू आत."

आणि घेऊन गेली. दाखला राहिला बाजूला! आम्ही दोघं म्हातारे फळ्यासमोर उभे.

वडिलांनी खिशावरून हात फिरवला. "सर, घरी रोज रडतीया ओ. तिची आई म्हनली, घिऊन या. पोरीला शिकवायचं न्हाय असं न्हाय आमचं."

"माहीत आहे."

"ही फळ्याची भानगड रोज असती का?"

"तिनं लिहिली तर असते. नाहीतर बंद."

बराच वेळ ते वाचत राहिले. खाली पाच-सहा ओळी झाल्या होत्या, कुणाकडे काही झालं नाही त्याच्या. शेवटी म्हणाले, "दिवाळीपातूर बगतो. मग न्हाय जमलं तर न्हितो." अर्ज खिशातच राहिला. फाडला नाही त्यांनी, हेही तुला सांगितलं पाहिजे. दिवाळीपर्यंत. एवढंच मिळालं.

ते गेल्यावर पोर्च रिकामा झाला. मी खडू घेतला आणि सगळ्यांच्या खाली लिहिलं, 'आमच्याही घरी.' नाव घातलं नाही. मधल्या सुट्टीत निकिता आली, तिनं ते वाचलं. अक्षर मास्तराचं, लपतंय कुठे?

"सर, तुमच्या घरी कोन कोन असतंय?"

"मी."

तिनं डबा उघडून पुढे केला. शेंगाची चटणी आणि भाकरी. खाल्ली. तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचंच होतं. उगाच तुला खोटं कशाला सांगू?

अजून तसंच आहे, विमल. सकाळी अंघोळीला कविता सुरू करतो आणि दुसऱ्या ओळीला थांबतो. तिसरी येते, पण म्हणावीशी वाटत नाही. तू स्वयंपाकघरातून चुकलेला शब्द सांगायचीस. आता चुकला काय, बरोबर आला काय, कुणाला फरक पडतो?

तरी एक शब्द देतो. दिवाळीपर्यंत आणि दिवाळीनंतरही, पाय चालतील तोवर, पहिल्या एसटीच्या आधी मी फळ्याशी असेन. मंडळाची बैठक मधल्या सुट्टीत घेईन, पंधरा मिनिटांची. जे पोर येईल त्याला आधी बस विचारीन, मग काहीतरी हातात देईन. कविता त्यानंतर, त्यानंच मागितली तर.

आणि फळ्यावरची माझी आजची ओळ चुकीची होती. उद्या दुरुस्त करतो, तुला आधी दाखवतो:

'आमच्या घरी शुक्रवारी खुंटीवरची पिशवी खाली उतरली. आता ती रोज कॉलेजात येते.'

ओळ आहे की नाही, सांग.

तुझा,
मास्तर