आईंच्या फडक्यांचं काय केलं

रवि. ६ ऑक्टो.
चांदवडहून सासूबाईंनी पुन्हा तीन फडकी पाठवली. थोरल्या दिरांच्या, दादांच्या ओळखीचा कांद्याचा व्यापारी इकडे येत होता, त्याच्या हाती. क्रोशाने विणलेली, जाड सुती दोऱ्याची, वीतभर. एक मोठ्या जाळीचं. मला ओटा पुसायला स्पंज लागतो, त्यामुळे आधीची सगळी माळ्यावर पिशवीत. ही तीनही तिथेच.
संध्या. नेहमीचा फोन. "वापरती ना गं?" म्हटलं, रोज वापरते आई. एकाने तवा धरते, एकात भाकरी गुंडाळते, एक माठाखाली. एकदा सुरू झाले की मला थांबताच येत नाही. आई म्हणाल्या, "माठाखाली गोल पायजे मंग. करते." चांगला अर्धा तास बोललो. प्र. पेपरआड हसत होता. म्हणे, नाटकात जा तू.

मंगळ. ८ ऑक्टो.
दिवाळीची आवराआवर. माळा काढला. बोहारीण आली. दोन साड्या, प्र.च्या पँटी दिल्या तरी परातीला हो म्हणेना. मग ती पिशवी पुढे केली. तिने एकेक फडकं उलटून पाहिलं. "हाताचं काम हाय ताई. नवंच हाय की." म्हटलं, घरात जागा नाही. परात मिळाली, जाड बुडाची. माळा रिकामा, फार हलकं वाटलं.

शनि. १२ ऑक्टो. दसरा
श्रीखंड डेअरीतलं. फोनवर मात्र आईंना म्हटलं, घरी केलं, तुमच्या जाळीच्या फडक्यात चक्का टांगला, मस्त गळला. त्या जरा थांबल्या. मग, "बरं."
मग दादांनी फोन घेतला. आईंना नीट दिसत नाही, विणताना टाके सुटतात. सोमवारी घेऊन येतोय म्हणाले.

मंगळ. १५ ऑक्टो.
अर्धी रजा. आईंना डोळ्यांच्या डॉ.कडे नेलं. पडदा झिजलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. माणूस दिसेल, रस्ता दिसेल, बारीक काम नाही. आईंनी एकच विचारलं, "टाका दिसंल का?" डॉ. नाही म्हणाले. रिक्षात मी बाहेर बघत बसले.
रात्री जेवताना म्हणाल्या, "आता नवी व्हायची नाय. हायेत ती जपून वापर."

बुध. १६ ऑक्टो.
सकाळी ओट्याशी आल्या. "आण गं एखादं. हात लावून बघते." म्हटलं, सगळी धुवायला टाकलीत. नाश्त्यानंतर परत विचारलं. म्हटलं, वाळताहेत. आमच्या गॅलरीत तेव्हा एक रुमालसुद्धा वाळत नव्हता, आणि त्या गॅलरीतच बसल्या होत्या.
ऑफिसला जाते म्हणून निघाले ते बोहारणींच्या गल्लीत. आमची भेटली. "ताई, ती कवाच गेली. बाजारात लगेच खपली. लोकं मागत व्हती अजून." मी तिथेच उभी राहिले. तिला माझी दया आली बहुतेक, पाणी विचारलं. त्या बाईच्या हाताला जे कळलं ते मला इतक्या वर्षांत

गुरु. १७ ऑक्टो.
सगळं लिहायचं ठरवलंय, मग कसंही दिसो.
प्र.च्या गाडीच्या डिकीत एक फडकं सापडलं. मागे कधीतरी त्याने माळ्यावरून ओढलेलं, ऑइल पुसायला. काळंकुट्ट. सोडा लावला, गरम पाण्यात घासलं, डाग हलला नाही. प्र. म्हणाला, "अगं टाकू नको, भारी पुसतं ते." घरात एकट्यानेच वापरलं म्हणायचं.
ओलंच आईंच्या हातात दिलं. का, ते माहीत नाही. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. चेहरा खुलला. "हे वापरलंय." मग नाकाशी नेलं. "आईल. पक्याचं काम." आणि मला रडू आलं. सगळं सांगितलं. माळा, पिशवी, बोहारीण, परात. तवा, माठ, भाकरी, सगळं खोटं.
आई म्हणाल्या, "ठावं व्हतं." कसं विचारलं तर म्हणाल्या, "जाळीच्या फडक्यात दही ऱ्हातं व्हय गं? सगळं खाली पातेल्यात. ज्यानं एकदा टांगलं त्याला कळतं." श्रीखंड बाहेरचं हे त्यांना त्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणाल्या, त्याआधीही शंका होतीच. कुठल्याच फडक्याचा एक दोरा उसवला म्हणून मी कधी सांगितलं नाही.
मग पाठवत का होतात, विचारलं.
"आधी तू दोन मिंटात फोन ठेवायची. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. फडकी धाडली की बोलायची."
चहा ठेवला. उतू गेला.

रवि. २० ऑक्टो.
दादा आईंना घेऊन गेले. पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परत म्हटलं, आई, चुकलं माझं. "आसू दे" म्हणाल्या. प्र.च्या फडक्याकडे हात करून म्हणाल्या, ते राहू द्या, गाडीला लागतं.
आज फोन केला नाही. सकाळीच तर गेल्या, असं स्वतःला सांगितलं.

बुध. २३ ऑक्टो.
शेजारच्या ताईंनी परात मागितली, चकल्यांची भाजणी मळायला. म्हटलं, ठेवूनच घ्या. त्यांना काही कळलं नाही. परात दिल्याने मनावरचं काही उतरलं नाही.

रवि. २७ ऑक्टो.
फोन केला. आईंनी उचलला. "बोल."
जेवण झालं का. झालं. गोळी. घेतली. थेंब. घातले. मग काही सुचेना. खरं सांगायचं ठरवलं होतं, तर खरं म्हणजे काय, पोहे केले, प्र.शी जरा वाजलं, पाठ दुखतेय. तेच सांगितलं. दोन-तीन वाक्यांत संपलं. त्यांनी ऐकलं. मी आणखी काही शोधत होते, त्याही थांबल्या होत्या.
मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खोटं बोलत व्हती तवा लय ग्वाड बोलायची गं तू."
आणि फोन जाऊबाईंकडे दिला. जाऊबाईंशी फराळाचं बोलले, करंज्या कोण करणार, शंकरपाळे कोण. मागून आई कुणाला तरी हाक मारत होत्या.
गुरुवारी चांदवडला जायचंय. पाच दिवस. फोन ठेवून देता येणार नाही, समोर बसायचं आहे.