तीनास एक

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (समोर येऊनच करायला हवा, पण तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. कारण पुढे येईल.) तुमचा खोकला कसा आहे? पन्नास वर्षं चुन्यात काढलेल्या गवंड्याला खोकला नाही येणार तर कुणाला, असं डॉक्टर म्हणाल्याचं मामींनी कळवलं. मीही चुन्यात सहा वर्षं काढली. पण माझा चुना काचेच्या नळीत असतो, त्यामुळे मला फक्त चष्मा लागला.

इकडे सगळं ठीक. जुन्या वाचनालयाची भिंत पडली. (भिंत नव्हे, तिच्यावरचा आमचा नवा गिलावा. पण तो दुरुस्ती समितीच्या अध्यक्षांच्या खांद्यावर पडला, तेव्हा भिंतच म्हणायची.)

मूळ गिलाव्याचा नमुना काढताना मी तुम्हाला सोबत नेलं होतं. तुम्ही तुकडा भिजवलात, बोटांत चोळलात आणि म्हणालात, "बाई, यात वाळू नावाला आहे. सगळा शिंपल्यांचा चुरा आहे." मी हसले. शिकलेली माणसं हसतात तशी, नाकातून. मग तो तुकडा प्रयोगशाळेत नेऊन अ‍ॅसिडमध्ये टाकला. आमची रीत अशी, की चुना विरघळून जातो, वाळू तळाशी उरते. ती वाळवून तोलली की जुन्या कारागिरांचं प्रमाण कळतं. कळलं ते असं: तीन भाग चुना, एक भाग वाळू. पूर्वीचे लोक उदार होते, असं मी अहवालात लिहिलं. (साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारली.) शिंपलेही अ‍ॅसिडमध्ये विरघळतात, हे शाळेतल्या पोरांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण शिंपल्यांचं बोलला होतात तुम्ही, एक गवंडी; मग ते कशाला धरायचं?

कामावरच्या गवंड्यानं प्रमाण ऐकून विचारलं, "ताई, भिंतीला लावायचंय की पावावर?" मी त्याला अहवालाचं पान दाखवलं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं आणि तंतोतंत सांगितल्याप्रमाणे काम केलं. इतका सूड माझ्यावर आजवर कुणी उगवला नव्हता. आठव्या दिवशी भेगा, विसाव्या दिवशी अध्यक्ष.

आता समिती म्हणते, चुन्याचे लाड पुरे, सिमेंट फासा. सिमेंटनं ओल आत कोंडेल आणि भिंतीचा मऊ दगड दहा-बारा वर्षांत पीठ होऊन गळेल. तोवर अध्यक्ष बदललेले असतील. माझी नोकरी मात्र सोमवारच्या बैठकीतच जाईल.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार. धुळीपासून लांब राहा.

तुमची भाची

ता. क. सोमवारी सकाळी नऊला गाडी पाठवते. समितीसमोर खरा गिलावा तुमच्या हातानं कालवून दाखवा, म्हणजे सिमेंट टळेल. चुरा किती घालायचा ते मला आदल्या दिवशी फोनवर सांगा. टाइप करून ठेवायला हवं.

आणखी एक. अध्यक्ष तुमच्याशी जरा तुसडेपणानं वागतील. तीनास एक हे प्रमाण तुम्हीच सांगितलं होतं, असं मी त्यांना सांगून बसले आहे. तुम्हाला आता कामावरून कोण काढणार? वयामुळे तेव्हा नीट आठवलं नाही, एवढंच म्हणा.