सातापाशी अडलेली संख्या

बाबा, आज सकाळी तुमची पणती तुमचंच संख्येचं कोडं घेऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पेन्सिल चावत उभी होती. "आज्जी, सबकुछ जमतंय, सातपे आके अटक रहा," ती म्हणाली, आणि मी पोळी तव्यावर विसरून हसत सुटले. तिचे आजोबाही आपल्या नल्लकुंट्याच्या घरी नेमके तिथेच अडले होते.

तुम्ही तेव्हा विद्यानगरला कॉलेजात गणित शिकवत होतात. हे सिकंदराबादला रेल्वेत नवे नवे लागलेले, तेलुगू घरातले, आणि मला मागणी घालायला एकटेच आलेले. तुम्ही ना पगार विचारला, ना गोत्र. म्हणालात, "शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच वापरून दहा अंकी संख्या करा. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जावा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, असं थेट दहापर्यंत. अशी एकच संख्या आहे. पुढच्या रविवारी या." आई आतून ओरडली, "अहो, मुलगी द्यायचीय की पेपर काढायचाय?"

रविवारी हे आले. मी दाराआड उभी, हातात चहाचा ट्रे. शेवटी शून्य, पाचव्या जागी पाच, सम जागांवर सम अंक, सगळं यांनी बरोबर ओळखलेलं. पण उत्तर नाही. "सर, सातासाठी युक्ती सापडली नाही. एकेक भागून बघतोय. अजून थोडे दिवस मिळतील?" यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. वाटलं, संपलं सगळं.

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. "युक्ती मलाही माहीत नाही. चला, दोघं भागू. आणि तू काय दाराला चिकटलीयस? बस इथे." मग आपण तिघं भागत बसलो. चहावर साय धरली. कागदभर खोडाखोड, तुमचे चष्म्यावरून कटाक्ष, आणि शेवटी ३८१६५४७२९० हाती लागली तेव्हा हे आनंदाच्या भरात तेलुगूतच काहीतरी बोलले. तुम्हाला एक अक्षर कळलं नाही, तरी टाळी दिलीत.

"मग लग्नाचं काय?" आईने विचारलं.

"उत्तर घेऊन आला असता तर विचार करावा लागला असता, कुणाकडून आणलं म्हणून," तुम्ही म्हणालात. "आता तारीख बघ."

आज पणतीला तो सात सुटला तेव्हा ती घरभर नाचली. हे पेपराआड तोंड लपवून हसत होते, मदतीचा एक शब्द नाही. "ताता, तुम्हाला आधीच माहीत होतं!" म्हणून ती आजोबांवर रुसली, मग जेवायला बसली.

तुम्ही आता नाही, हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. अशी संख्या एकच का, दुसरी का असू शकत नाही, हे तुम्ही मला नंतर किती मन लावून समजावलंत, आणि मी मान हलवत राहिले. बाबा, मला ते अजूनही कळलेलं नाही.